आधी भट्टीचं झाकण, मग सोलर

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची बीड (ओतीव लोखंड) ओतायची फाउंड्री आहे. रोज 10 टन मेल्टिंग, टनाला 640 युनिट वीज, रिजेक्शन (नापास होणारं कास्टिंग) 8 टक्के. शेड 15 हजार चौरस फुटांची. आमचे ग्राहक आता कार्बनचा आकडा मागतात. छतावर सोलर घातलं की भागेल का?
– एक फाउंड्रीमालक, कोल्हापूर

उत्तर : सोलर जरूर घाला, पण तेवढ्याने भागणार नाही. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट छत लागतं आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. अख्खं छत भरलंत तरी 600 युनिट. तुमची भट्टी खाते 6400.

आता रिजेक्शन बघा. ओतलेल्यातलं 8 टक्के पुन्हा भट्टीत, म्हणजे रोज 500 युनिट पाण्यात. छताची जवळजवळ सगळी कमाई तिथेच जाते! ऑडिटला गेलो की मी मीटरच्या आधी रिजेक्शनचा ढीग बघतो, तो यासाठीच.

मग एक अख्खी पाळी भट्टीपाशी उभे राहा. बीड 1450 अंशांवर तयार, साचे तयार नाहीत आणि झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. उघड्या तोंडातून उष्णता उडत राहते आणि दर वेळी जीव हळहळतो. रनर-रायझर (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांमध्ये गोठलेले, कास्टिंगपासून तोडलेले तुकडे) वाळूसकट भट्टीत जातात का, तेही पाहा. त्या वाळूचा स्लॅग (वितळलेला मळ) करायलाही वीजच जळते.

ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. म्हणजे नुसत्या मेल्टिंगचे रोज साडेचार टन. ग्राहकाला आकडा देताना मात्र तो पास झालेल्या कास्टिंगच्या टनामागे काढा, तरच रिजेक्शन कमी केल्याचं त्यात दिसेल. डिझेल आणि लॅडल (रस ओतायचं भांडं) तापवायचा गॅस वेगळा मांडा.

राहिली मशीनं चालवणारी कॉम्प्रेसरची दाबाची हवा. गेल्या हिवाळ्यात एका कारखान्यात सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवला. दर 5 मिनिटांत तो सव्वा मिनिट लोड घेत होता, म्हणजे हवा भरत होता. म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याइतकी हवा नुसती गळत होती! साबणाचं पाणी लावत गेलो तेव्हा बहुतेक गळती मोल्डिंग मशीनच्या कप्लरपाशी (हवेच्या नळीच्या जोडापाशी) सापडली. तुम्हीही येत्या सुट्टीला घड्याळ लावून बघा आणि लोड-अनलोडची मिनिटं मला कळवा.