कंपनीचा तयार पीसी आहे, दुकानदार ८ जीबीचं जुनं कार्ड घ्या म्हणतोय, घेऊ का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घरात नावाजलेल्या कंपनीचा तयार टॉवर आहे, आय५, १६ जीबी रॅम, मुलगा व्हिडिओ एडिटिंग शिकतोय आणि गेम खेळतो, बजेट वीस हजार, आणि दुकानदार वापरलेलं आरएक्स ५८० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड स्वस्तात देतोय. नका घेऊ. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, आधी त्याला नाही म्हणून कळवा.

एवढं ठासून सांगतोय कारण हेच कार्ड असल्याच पीसीत आमच्या घरात बसवून झालंय. ताई सांगलीला असते, भाची आर्किटेक्चर करतेय. तिला पीसी घ्यायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं की असेम्बल करू, म्हणजे सुटे पार्ट मी पुण्यातून घेऊन येतो, बसून जोडून देतो. दाजी म्हणाले नको, कंपनीचाच घ्यायचा, काही झालं तर त्यांचा माणूस घरी येतो, तुझा असेम्बल बंद पडला तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं. आता दाजींपुढे किती ताणणार, घेतला कंपनीचा. सुरुवातीला ऑटोकॅड आणि स्केचअपवर भागलं, कुठं अडलं नाही, आणि दर सणाला मला ऐकावं लागलं की बघ, चालतोय की नाही व्यवस्थित.

मग लुमियन आलं, म्हणजे इमारतीच्या थ्रीडी मॉडेलवरून खरी वाटणारी चित्रं काढायचं सॉफ्टवेअर (ती चित्रं काढणं म्हणजेच रेंडर). लुमियनला कार्ड लागतंच, त्याला पर्याय नाही. भाचीनं मला फोन केला, मामा कुठलं घेऊ, मी म्हटलं आधी बाजूचं झाकण काढ आणि पॉवर सप्लायच्या लेबलचा फोटो पाठव, मग सांगतो. फोटो यायच्या आधीच दाजी दुकानातून कार्ड घेऊन आले. आरएक्स ५८०, आठ जीबी. फोनवर मला म्हणाले, तू चार-सहा जीबीचं सांगणार होतास ना, हे आठचं आहे, आणि निम्म्या किमतीत.

त्यानंतर झालं असं की पीसी चालू व्हायचा, पिक्चर लागायचा, स्केचअप उघडायचं, सगळं ठीक, आणि लुमियनमध्ये रेंडर लावलं की पंखा जोरात फिरायचा आणि एकदम काळोख, मशीन बंद. सबमिशनच्या दिवसात पोरगी मैत्रिणीच्या होस्टेलवर जाऊन रात्री रेंडर काढत होती. दाजींनी कंपनीत तक्रार केली, माणूस खरंच घरी आला, त्यानं झाकण उघडलं, बाहेरचं कार्ड बघितलं, हे आमचं नाही म्हणाला आणि कागदावर सही घेऊन गेला. त्याचंही चुकलं नाही. पण ज्या सोयीसाठी असेम्बल नको म्हणून मला गप्प केलं होतं, ती सोय कार्ड लावल्या दिवशीच संपलेली होती.

दिवाळीला गेलो तेव्हा मी उघडलं. पॉवर सप्लाय २६० वॅटचा. ग्राफिक्स कार्डाला द्यायची वेगळी वायर त्यातून निघतच नव्हती. अशा बऱ्याच तयार पीसीत हार्ड डिस्कचा करंटसुद्धा सप्लायमधून सरळ येत नाही, मदरबोर्डवरच्या एका छोट्या सॉकेटातून येतो. दुकानदारानं त्या सॉकेटातून निघालेल्या वायरीवरचे दोन साटाचे प्लग (हार्ड डिस्कला करंट देणारे) एका कन्व्हर्टरला जोडून त्यातून कार्डाच्या आठ पिनांच्या प्लगला करंट दिला होता. आता हिशोब बघा. साटाच्या एका प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपियर, म्हणजे ५४ वॅट. दोन धरले तरी १०८. आठ पिनवर कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं, आणि ५८० एकूण १८५ वॅटचं कार्ड आहे. कार्ड मदरबोर्डवर ज्या खाचेत बसतं त्या स्लॉटमधून मिळतात जास्तीत जास्त ७५. बरं, हे दोन्ही प्लग शेवटी बोर्डाच्या त्या एकाच बारक्या सॉकेटावर. पिवळी वायर प्लगपाशी तपकिरी पडली होती आणि प्लगचं प्लॅस्टिक इतकं चिकटून बसलं होतं की हलवून हलवून काढावं लागलं. ज्या खोलीत पोरगी रात्रभर मशीन चालू ठेवून झोपते त्या खोलीत हे चाललं होतं. दुकानदाराचा मला राग आहे तो यासाठी. स्वस्तातलं कार्ड विकलं म्हणून नाही, तो कन्व्हर्टर लावला म्हणून.

कार्डही पूर्ण ५८० नव्हतं. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये शेडर, म्हणजे कार्डातली चित्राचं गणित करणारी छोटी युनिट्स, २०४८ दिसले. खऱ्या ५८० ला २३०४ असतात, २०४८ वालं म्हणजे जवळपास ५७० च, नाव फक्त वरचं. बाजारात ही जुनी कार्डं एवढी आली कुठून, तर सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं कार्डांवरचं मायनिंग (रात्रंदिवस कार्डं चालवून नाणी कमावणं) बंद झालं आणि मायनिंगवाल्यांनी ढीगच्या ढीग विकायला काढले. तुमच्या दुकानदाराकडचं त्यातलंच असेल असं मी म्हणत नाही, पण त्याला विचारा, तो काय उत्तर देतो ते बघा.

त्या पीसीत शेवटी आरटीएक्स ३०५० ६ जीबी बसवलं. ७० वॅट, वेगळी वायर नको, सगळं स्लॉटमधूनच. तेव्हापासून लुमियनमध्ये एकदाही बंद पडलेला नाही. मोठ्या सीनला वेळ लागतो, पण काम पूर्ण होतं. तुम्हालाही बहुतेक हेच सांगेन. फक्त एक बघा, ३०५० नावाची दोन कार्डं आहेत. २०२२ चं ८ जीबीवालं १३० वॅटचं, त्याला वायर लागते. २०२४ चं ६ जीबीवालं ७० वॅटचं. दुकानात "आठचं घ्या ना, थोडाच फरक आहे" म्हणतील, तुमच्या पीसीसाठी तो फरक थोडा नाही. बिनवायरीचं जीटीएक्स १६५० मिळालं तर तेही चालतं, पण ते ४ जीबीचं आहे आणि नव्या गेमना कमी पडतं. आरएक्स ६४०० नको, त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे तयार व्हिडिओ फाईल बनवायला कार्डाची मदत होत नाही, आणि मुलगा एडिटिंग करतोय. जीटी ७३० कुणी "४ जीबी कार्ड" म्हणून दाखवलं तर तिथून सरळ निघा. त्यातल्या काही डीडीआर३ (जुन्या, संथ मेमरीच्या) कार्डांचा मेमरीचा वेग सेकंदाला फक्त १४.४ जीबी आहे, साध्या १६५० चा १२८. नुसते जीबी मोजून कार्ड घेणं हाच सगळ्या घोळाचा उगम आहे आणि हे मी दाजींना दुकानात जायच्या आधी सांगितलं होतं.

आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर कार्ड लागणार हे आधीपासून माहीत असेल त्यानं कंपनीचा तयार पीसी घेऊच नये. सप्लाय बदलावा तर त्यांची पिन वेगळी, आकार वेगळा, बोर्ड बदलावा तर डब्यात बसत नाही. असेम्बलमध्ये ५५० वॅटचा चांगला सप्लाय एकदा टाकला की आज ३०५०, उद्या पैसे आले की ११५ वॅटचं ४०६० किंवा रेंडरसाठी १२ जीबीचं ३०६०, एक स्क्रू काढायचा आणि बसवायचं. आणि असेम्बलला वॉरंटी नसते हे कोण सांगतं? प्रत्येक पार्टाची वेगळी असते, पक्कं बिल घ्या, सिरीयल नंबर त्यावर लिहून घ्या. ऑफिसात एक्सेल आणि टॅली चालवायला कंपनीचा पीसी उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही.

हां, एक राहिलं. तुमचा टॉवर बारका असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागेल, ३०५० ६ जीबीमध्ये तसंही येतं, डब्याला मागे स्क्रूनं बसणारी छोटी पट्टी बदलून मिळते का ते विचारा. सप्लाय १८० वॅटचा असेल तर मी ३०५० सुद्धा सांगणार नाही. आणि मुलाचं काम सध्या फोनवर शूट केलेलं कापणं-जोडणं एवढंच असेल आणि आय५ च्या नंबराच्या शेवटी एफ नसेल, तर आतलंच इंटेल ग्राफिक्स एडिटिंगला बऱ्यापैकी पुरतं, गेमचं काय ते त्याचं त्याला विचारा. पॉवर सप्लायच्या लेबलचा फोटो आधी टाका, १२ व्होल्टच्या पुढे किती अँपियर लिहिलेत ते दिसेल असा. ते बघितल्याशिवाय मी कार्डाचं नाव नक्की करणार नाही, आणि दुकानदारानं केलं तर त्यालाही विचारा की वायर कुठून देणार.