टायर नवे टाकले, तरी पिवळा दिवा जात नाही?

चारही टायर बदलले, हवा भरली, तरी घोड्याच्या नालेतलं उद्गारचिन्ह, म्हणजे टायरमध्ये हवा कमी असल्याचा इशारा देणारा दिवा, पेटलेलंच, असं तुम्ही लिहिलंय. बहुधा रीसेट राहिलंय. बऱ्याच गाड्यांत चाकात सेन्सर नसतो. एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांचा वेग ताडून हवा ओळखतात, आणि त्यांच्या डोक्यात अजून जुनेच टायर आहेत.

पण आधी हवा बघा, तीही सकाळी, टायर थंड असताना. मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या वर्धा रोडवरून तापून आलेल्या टायरचा आकडा दोन-चार पीएसआय जास्तच दिसतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, टायरवर छापलेला तो कमाल. मग मेनूतून किंवा बटणाने रीसेट मारा आणि वीसेक मिनिटं गाडी चालवा. आउटर रिंग रोड बरा, सीताबर्डीच्या गर्दीत ते शिकत नाही.

गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर यंत्रणेतच बिघाड आहे; चाकात सेन्सर असलेल्या गाडीत बहुधा तोच गेलाय. माझ्या गाडीचा सेन्सर टायर काढताना पहारीने फुटला होता. टायरवाला म्हणे, ‘आधीचाच असन भाऊ!’

पेटलेला दिवा एबीएसचा असेल तर चाकामागची वायर सुटलीय का पाहायला सांगा. ब्रेकचा लाल दिवा मात्र हँडब्रेक सोडूनही पेटलेला राहिला, तर गाडी हलवूच नका.