तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : खोकड, हाउंड्स आणि लाल कोट

मागच्या अंकात एका उत्तरात बोलता बोलता इंग्लंडमधल्या फॉक्सहंटिंगचा (म्हणजे घोड्यावर बसून, हाउंड्स म्हणजे शिकारी कुत्र्यांचा कळप घेऊन केलेल्या फॉक्सच्या शिकारीचा) विषय निघाला आणि त्यावर इतके मेल आले की यावेळचा कॉलम त्यालाच देऊन टाकतेय. मी काही वर्षं लेस्टरशरमध्ये राहिले, घरामागच्या रस्त्यावरून हंट, म्हणजे अशी शिकार करणारी मंडळी, जायची, त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते बरंचसं बघून आणि शेजारच्या आजोबांचं डोकं खाऊन मिळवलेलं आहे. स्वतः मी घोड्यावर फक्त माथेरानला बसलेय, तेही घोडेवाल्या मामांचा हात न सोडता, हे आधीच कबूल करते.

प्रश्न : एका जुन्या इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करतेय. फॉक्सला कोल्हा लिहिलं तर मैत्रीण म्हणते चूक. हाउंड्सना कुत्रे म्हणू ना? आणि एका ठिकाणी 'साडेसतरा कपल बाहेर काढली' असं आहे, ही कपल कोण? (नाशिकहून एक वाचक)

मैत्रीण बरोबर आहे, तिला चहा पाजा. कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्सला आपल्याकडे खोकड म्हणतात. शाळेच्या पुस्तकात द्राक्षं आंबट म्हणणाऱ्याला आपण कोल्हा करून टाकलं आणि घोळ तिथूनच पक्का झाला. गंमत म्हणजे साहेब लोक भारतात आले तेव्हा त्यांना उलटी अडचण आली, इथली खोकड अगदीच लहानखुरी, म्हणून मग त्यांनी विलायतेहून हाउंड्स मागवले आणि कोल्ह्यामागे सोडले. उटीचा हंट त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, वेनलॉक डाउन्सच्या गवताळ टेकड्यांवर, आणि आपल्या मुंबई-पुण्याकडेही असे कळप होते. तुमची कादंबरी इंग्लंडातली असेल तर मात्र खोकडच लिहा.

हाउंड्सना कुत्रे म्हणायचं नाही, निदान पात्राच्या तोंडी तरी नको, कारण हंटवाल्यांसमोर 'डॉग्ज' म्हटलं की तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं (मी म्हटलं होतं, एक बाई माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मी त्यांच्या नातवाला माकड म्हटलं). हाउंड्सच ठेवा, वाचकाला दोन पानांत सवय होते. साडेसतरा कपल म्हणजे साडेसतरा जोड्या, पस्तीस हाउंड्स, मोजायचेच जोडीत. कारण अगदी आपल्या शेतातलं आहे, नवा खोंड जसा जुन्या मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात तसा कोवळा हाउंड जुन्या हाउंडच्या गळपट्ट्याला साखळीनं जोडून फिरवायचे, तेच ते कपल.

बाकी शब्दांत, शेपटीसाठी दोन वेगळे शब्द आहेत, हाउंडची स्टर्न आणि खोकडाचा ब्रश, त्यांची अदलाबदल करू नका. खोकडाचं तोंड म्हणजे मास्क, पाय म्हणजे पॅड, आणि लाडानं खोकडालाच चार्ली म्हणतात, चार्ल्स जेम्स फॉक्स नावाच्या अठराव्या शतकातल्या राजकारण्यावरून. कव्हर्ट हा शब्द लिहितात तसा बोलत नाहीत, शेवटचा ट गिळून 'कव्हर' म्हणतात, अर्थ दाट झुडपाची राई. राईत हाउंड्स घालून धुंडाळतात ते ड्रॉ करणं, इथे आपला 'हाका' शब्द वापरायचा मोह होईल पण तो नको, हाक्यात माणसं ओरडतात आणि इथे माणसांनी गप्प बसून हाउंड्सना नाकानं काम करू द्यायचं असतं, फरक मोठा आहे. पुढचं सगळं मात्र आपल्या 'माग' शब्दात छान बसतं, माग लागला, माग तुटला (तो चेक), मग हंट्समन (हाउंड्सना हाताळणारा माणूस) हाउंड्सना गोल वळसा घालून माग पुन्हा शोधायला लावतो (तो कास्ट). हाउंड भुंकत नाही, 'बोलतो', आणि सगळे मिळून बोलायला लागले की त्याला म्युझिक म्हणतात. उगाच बोलणारा तो बॅबलर, त्याला 'बडबड्या' करा, शब्दाची चवही तीच आहे. ससा किंवा हरीण दिसल्यावर भलतीकडे पळत सुटणं म्हणजे रायट, त्याचं 'दंगल' असं भाषांतर एका ठिकाणी मी स्वतः वाचलंय, तेवढं टाळा.

प्रश्न : मी पुण्यात चार वर्षं रायडिंग शिकतोय, आता कोर्ससाठी आयर्लंडला जाणार आहे. तिथल्या तबेल्यातले लोक हंटला चल म्हणतायत. लाल कोट घ्यावा लागतो का, किती खर्च, आणि फजिती होऊ नये म्हणून काय करू? (पुणे)

लाल कोट घेऊ नकोस रे बाबा, फजिती त्यानंच होईल. लाल कोट मिरवायचा मान मास्टरला (हंटचा प्रमुख), हंटच्या नोकरमंडळींना आणि ज्यांना हंटनं स्वतःची बटणं लावायची परवानगी दिलीय अशा जुन्या सभासदांना. हंट बटण ही बक्षिसासारखी गोष्ट आहे, दुकानात मिळत नाही. त्या लाल रंगाला 'पिंक' म्हणतात, त्याची एक गोष्ट तुला कोणीतरी हमखास सांगेल की पिंक नावाचा शिंपी होता म्हणून, तर त्या शिंप्याचा पक्का पुरावा कुणालाही सापडलेला नाही, तू मान डोलाव. आणि सगळे हंट लालच घालतात असंही नाही, ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या हंटची नोकरमंडळी हिरव्या कोटात असतात.

तुझ्यासाठी सोपं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओपनिंग मीट होते (मीट म्हणजे निघण्याआधी सगळ्यांनी जमणं), तिथून खरा सीझन. त्याच्या आधी गेलास तर ट्वीडचं जाकीट, फिकट ब्रीचेस (रायडिंगची तंग पँट), साधा शर्ट-टाय, या वेषाला रॅटकॅचर म्हणतात, उंदीर पकडणारा, म्हणजे थोडक्यात घरगुती कपडे. ओपनिंग मीटनंतर काळा किंवा गडद निळा कोट, काळे बूट आणि गळ्यात पांढरा स्टॉक. हा स्टॉक म्हणजे लांब पट्टी असते, गळ्याभोवती गुंडाळून पुढे बांधायची, दिसायला नुसता नखरा, पण कोणी पडलं आणि हात मोडला तर झोळी म्हणून आणि घोड्याला जखम झाली तर बँडेज म्हणून तोच सोडून वापरतात. त्यावरची पिन आडवी लाव, उभी लावलीस आणि पडलास तर टोक हनुवटीत. हातमोज्यांची जास्तीची सुती जोडी खोगिराखाली खोचून ठेवतात, कारण पावसात चामड्याचे हातमोजे लगामावरून घसरतात. टॉप हॅट जुन्या चित्रांत छान दिसते, तू मात्र नीट सेफ्टीवाली हॅटच घाल, कोणी हसणार नाही. मला ही सगळी यादी पहिल्यांदा ऐकताना निव्वळ शायनिंग वाटली होती, नंतर कळलं की निम्म्याच्या वर गोष्टी कोणाच्या तरी मोडलेल्या हाडातून आल्यात.

वागण्याचं म्हणशील तर पहिली गोष्ट, पोचल्यावर मास्टरला शोधून 'गुड मॉर्निंग मास्टर' म्हण, नावानं हाक नको. दिवसाचे पैसे म्हणजे कॅप, पूर्वी खरंच टोपी फिरवून गोळा करायचे, ते सेक्रेटरीला आधीच देऊन टाक, त्यांना तुझ्यामागे फिरायला लावू नकोस. रक्कम हंटप्रमाणे बदलते, आधी फोन करून विचार. फील्ड म्हणजे तुझ्यासारखे मागून येणारे सगळे घोडेस्वार, त्यांना सांभाळायला फील्डमास्टर असतो आणि त्याच्या पुढे कधीही जायचं नाही, घोडा कितीही उड्या मारत असला तरी. का, तर पुढे गेलास की तू वासावरून घोडा नेतोस, माग मोडतो आणि पन्नास जणांचा दिवस बुडतो.

हाउंड्स जवळून जात असतील तर कोणीतरी 'हाउंड्स प्लीज' म्हणेल, तेव्हा थांबायचं आणि घोड्याचं तोंड हाउंड्सकडे करायचं. तोंडच, मागची बाजू नाही. घोड्यानं हाउंडला लाथ मारली तर तिथे याहून मोठा गुन्हा नाही, आणि तुझा घोडा लाथाड्या असेल तर शेपटीला लाल रिबीन बांध, कोवळा नवशिका असेल तर हिरवी. पण लाल रिबीन बांधली म्हणजे लायसन मिळालं असं नाही, तू सगळ्यात मागेच राहायचं. 'वेअर वायर', 'वेअर होल' असं ओरडत येतात, म्हणजे तार आहे, खड्डा आहे, सांभाळ, ते ऐकलंस की तूही मागच्याला ओरडून सांग. 'होल्ड हार्ड' म्हणजे जागच्या जागी थांब. फाटकातून शेवटी तू गेलास तर फाटक लावायचं काम तुझं. पेरलेल्या शेतातून नाही, बांधाबांधानं जायचं, जमीन शेतकऱ्याची आहे आणि त्यानं उद्या नाही म्हटलं तर हंट संपला. आपल्याकडे कोणी उभ्या हरभऱ्यातून घोडा घातला तर काय होईल ते आठव.

आणि खोकड दिसली तर 'टॅली-हो' ओरडायचं नाही! सिनेमात ओरडतात. तू गप्प राहा, हॅट काढून ज्या दिशेला ती गेली तिकडे हात कर, हंट्समनला काय ते कळतं. तू ओरडलास की हाउंड्स मान वर करतात, नाक जमिनीवरून उठलं की माग गेला.

गॉलवे भागात जाणार असशील तर तिथले गॉलवे ब्लेझर्स दगडी गडग्यांवरून उड्या मारण्यासाठी प्रसिद्ध आहेत, कोकणातल्या गडग्यांसारखेच, सुके रचलेले. चार वर्षं मैदानातल्या रंगीत दांड्यांवरून उड्या मारल्या असतील तर पहिल्या दिवशी मागेच राहा. अजून एक, आयर्लंडमध्ये खरी खोकड असते, इंग्लंडसारखा नुसता वास नाही (तिथे जिवंत खोकडामागच्या पाठलागावर बंदी आहे, पुढे सांगते). ते तुला चालतंय का हे आधी स्वतःशी ठरव आणि मगच हो म्हण, तिथे घोड्यावर बसून तोंड वाकडं करू नकोस.

प्रश्न : पेपरमध्ये 'व्हिप बजावला' वाचतो, ह्याचा शिकारीशी संबंध आहे असं कोणी म्हणालं. थापा ना? (सोलापूर)

थापा नाहीत काका. हाउंड्सच्या कळपात हंट्समनचा मदतनीस असतो त्याला व्हिपर-इन म्हणतात, लांब वादीचा चाबूक घेऊन कळपाच्या कडेनं फिरतो, आणि जो हाउंड भरकटला त्याला परत आत आणतो. बहुतेक वेळा नुसता चाबकाचा आवाज पुरतो. अठराव्या शतकातले इंग्लंडचे खासदार स्वतःच हंटला जाणारे, त्यांनी तो शब्द पार्लमेंटात नेला, भरकटलेले खासदार मतदानाला गोळा करणारा तो व्हिप. आणि आपल्याकडे कोणी भाषांतर केलं त्याला सलाम, 'प्रतोद' म्हणजे जनावर हाकायचा चाबूक किंवा आसूडच, मूळ अर्थ अजिबात सांडला नाही. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा खरा प्रतोद कोणाचा हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, आठवतंय ना.

तसाच दुसरा शब्द स्टीपलचेस. शिकारी घोडेस्वार दिसणाऱ्या चर्चच्या टोकाच्या, म्हणजे स्टीपलच्या, दिशेनं, मधे येईल ते कुंपण, ओढा ओलांडत शर्यत लावायचे, १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्कमध्ये बटेव्हंट ते डोनरेल अशी पहिली लागली असं सांगतात. त्याचीच नक्कल माणसांनी पायी धावून केली, आणि आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेनं २०२२ च्या कॉमनवेल्थमध्ये त्यात रौप्य मिळवलं. ते पाण्याचं डबकं आणि अडथळे तिथूनच आलेत.

प्रश्न : एका मुक्या जनावरामागे पस्तीस कुत्रे सोडणं याला शिष्टाचार म्हणता? लाज वाटली पाहिजे. (नाव नाही)

राग समजतो, मलाही जिवंत खोकडामागचा पाठलाग आवडत नाही आणि पहिल्या शिकारीनंतर पोराच्या गालाला रक्त लावायची जुनी पद्धत ऐकून तर जेवण गेलं नव्हतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानं हे बंद झालं, १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू, स्कॉटलंडनं त्याच्या आधीच २००२ मध्ये कायदा केला होता. त्यानंतर ट्रेल हंटिंग आलं, आधी कोणीतरी वास लावलेलं फडकं ओढत जातो आणि हाउंड्स त्या वासामागे. विरोधकांचं म्हणणं की हा निव्वळ पडदा आहे, आड खरी शिकार चालते, आणि काही जणांना कोर्टात शिक्षाही झाल्यात. लेबर पक्षानं २०२४ च्या जाहीरनाम्यात ट्रेल हंटिंगवरही बंदी आणू म्हटलं. पण वाचकांनी शब्द आणि कपडे विचारले, तर ते न सांगता नुसतं रागावून बसणं मला जमत नाही.

प्रश्न : मुलगा-सून लेस्टरला असतात, आम्ही दोघं डिसेंबरमध्ये जातोय. गावात २६ तारखेला घोडे जमतात म्हणे, बघायला जाऊ का? काही न्यायचं असतं का? साडी चालेल? (ठाणे)

जा की ताई, बॉक्सिंग डेची मीट बघायला अख्खं गाव लोटतं, कोणी आमंत्रण विचारत नाही. साडी चालेल पण खाली गमबूट घाला आणि वर जाड कोट, चिखल आणि लीद दोन्ही भरपूर. सकाळी अकराच्या आसपास असते, त्याआधी पोचा. घोड्यावरच्यांना छोट्या ग्लासांतून पोर्ट वाइन देतात, ट्रेमध्ये केकचे तुकडेही असतात, तो स्टिरप कप, पायी आलेल्यांनाही कधी कधी मिळतो, मिळाला तर घ्या. न्यायचं काही नाही. हाउंड्स स्वतः येऊन अंगाला घासतात, हात लावला तरी चालतं, खायला मात्र काही देऊ नका. घोड्याच्या मागे उभं राहू नका, यजमानांनाही सांगा, फोटोच्या नादात पुरुषमंडळी नेमकी तिथेच जातात. आणि गाडी शेताच्या फाटकासमोर लावू देऊ नका मुलाला, आम्ही लावली होती, ट्रॅक्टरवाला वीस मिनिटं काही न बोलता नुसता बघत उभा होता, त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

निघताना तिथे गुडनाइट म्हणायची पद्धत आहे, घड्याळात काहीही वाजलेलं असो. मला एकानं भर दुपारी दीडला म्हटलं होतं, मला वाटलं म्हातारा प्यायलाय.