रेजी यंग ऐकायचा कुठून, आणि हातात कसा आणायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेम्फिस आणि नॅशव्हिलच्या स्टुडिओंत इतरांच्या गाण्यांवर गिटार वाजवणाऱ्या रेजी यंगचं नाव सगळे जाणकार घेतात, पण गाणं लावलं की गिटार कुठे आहे तेच कळत नाही. सुरुवात कुठून करू, आणि तसं वाजवायला काय शिकू?

गिटार कळत नाही कारण तुम्ही सोलो शोधताय. यंगचे सोलो मोजकेच आहेत. त्याचं खरं काम गायकाची ओळ संपते तिथपासून पुढची सुरू होते तिथपर्यंत चालतं. तीन-चार स्वर, क्वचित दोन तारांची जोडी, आणि पुन्हा गप्प. त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना गिटारमागे धावू नका. गायक श्वास घेतो त्या जागा मोजा आणि प्रत्येक जागेत कोणतं वाद्य बोलतं ते कागदावर लिहा: गिटार, ऑर्गन, पियानो की कोणीच नाही. एका गाण्यासाठी हे केलंत की बाकीची आपोआप उलगडतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म 1936, मिझुरीतल्या करथर्सव्हिलचा. वादक म्हणून घडला मेम्फिसमध्ये. आधी बिल ब्लॅक्स कॉम्बो या बँडमध्ये होता. 1964 च्या बीटल्सच्या अमेरिका दौऱ्यात हीच मंडळी त्यांच्याआधी मंचावर असायची. खरा काळ त्यानंतरचा. निर्माता चिप्स मोमनच्या अमेरिकन साऊंड या मेम्फिसमधल्या स्टुडिओत 1967 ते 1972 या वर्षांत एकाच वादकसंचाने सुमारे 120 गाणी चार्टवर नेली. बॉबी एमन्स ऑर्गनवर, बॉबी वुड पियानोवर, जीन क्रिसमन ड्रम्सवर, टॉमी कॉगबिल आणि माइक लीच बेसवर, आणि गिटार यंगची. 1972 मध्ये स्टुडिओ मेम्फिसमधून हलला आणि यंग पुढे नॅशव्हिलला गेला. जानेवारी 2019 मध्ये तो वारला.

पहिलं गाणं डोबी ग्रेचं 'ड्रिफ्ट अवे' (1973) घ्या. सुरुवातीलाच गिटार एकटी आणि स्पष्ट आहे, त्यामुळे त्याचा स्वर कानात बसतो. मग डस्टी स्प्रिंगफील्डचं 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' (1968). इथे थांबून ऐकण्यासारखं खूप आहे. वाद्यांचं काम सप्टेंबर 1968 मध्ये मेम्फिसला झालं, पण अंतिम गायन नंतर न्यूयॉर्कला. म्हणजे आज ऐकू येणारा आवाज समोर नसतानाच गिटारने त्याच्यासाठी मोकळी जागा सोडली होती! सुरुवातीचा तुकडा सगळ्यांना पाठ असतो. मी म्हणेन कडव्यांमध्ये तो काय वाजवत नाही तिकडे कान द्या. स्वर संपल्यावर तो तार लगेच दाबून बंद करतो. त्या बंद करण्यामुळेच बेस आणि ड्रम्सचा ठेका मोकळा वाटतो.

तिसरं एल्व्हिसचं 'सस्पिशस माइंड्स'. हे जानेवारी 1969 मधलं मेम्फिसचं स्टुडिओ रेकॉर्डिंगच असायला हवं. मंचावरच्या ध्वनिमुद्रणात गिटार जेम्स बर्टनची आहे. तोही थोरच, पण हात वेगळा. इथली सुरुवात म्हणजे G पट्टीतले सुटे सुटे छेडलेले कॉर्ड. मधला भाग 6/8 च्या संथ चालीत जातो आणि परत 4/4 च्या ठेक्यात येतो; त्या दोन वळणांवर गिटार काय करते ते दहा वेळा ऐका. पितळी वाद्यं नंतर चढवलेली असल्यामुळे उत्तरार्धात गिटार मागे पडते. तिथे ती ऐकू आली नाही म्हणून कानांना दोष देऊ नका.

आवृत्त्यांची अशीच गल्लत आणखी दोन ठिकाणी होते. 'हुक्ड ऑन अ फीलिंग' बी. जे. थॉमसचं, 1968 चं ऐका. 1974 मध्ये गाजलेलं ब्लू स्वीडचं वेगळं आहे, त्यात यंग नाही. आणि बॉक्स टॉप्सचं 'द लेटर' सरसकट त्याच्या नावावर खपवलं जातं, पण ते त्या बँडच्या पोरांनी स्वतः वाजवलंय. त्यांचं 'क्राय लाइक अ बेबी' (1968) मात्र यंगचं.

'हुक्ड ऑन अ फीलिंग' आणि 'क्राय लाइक अ बेबी' आपल्या कानाला वेगळी लागतील, कारण दोन्हीकडे इलेक्ट्रिक सितार आहे. हे वाद्य सितारीचं नाव लावणारी गिटारच: सहा मुख्य तारा, गिटारसारखेच फ्रेट, आणि कोरल कंपनीच्या मॉडेलवर 13 तरफा (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा). झणझणाट येतो तो रुंद, सपाट घोडीमुळे (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी). सितारीच्या जवारीचंच तत्त्व, फक्त ढोबळ. त्याचे तोटेही तिथेच आहेत. तार घोडीवर नेमकी कुठे टेकते हे पक्कं नसल्याने वरच्या फ्रेटवर स्वर बेसूर होतात, घोडीला खाचा पडल्या की झणझणाट मरतो, आणि स्वर फार टिकत नाही. यंगने आखूड, गाता येतील असे तुकडे वाजवले, आणि या वाद्यावर शोभतात तेही असेच. लोक त्यावर लांबलचक मींड घ्यायला जातात आणि ते मधेच विझतं.

आता हातात आणायचं म्हणाल तर दोन गोष्टींवर महिनाभर घालवा.

एक, सहाव्या अंतराच्या (सिक्स्थ) जोड्या. E पट्टीत तिसरी आणि पहिली तार घ्या, मधली दुसरी तार बोटाच्या पोटाने मुकी ठेवा. तिसरीवर 1, 2, 4 फ्रेट आणि पहिलीवर अनुक्रमे 0, 2, 4. या तीन जोड्या वर-खाली, मग दुसऱ्या जोडीवरून तिसरीवर घसरत. प्लेक्ट्रम तिसऱ्या तारेवर आणि मधलं बोट पहिलीवर, म्हणजे दोन्ही स्वर एकदम सुटतात. नुसत्या प्लेक्ट्रमने ओढलंत तर ते मागेपुढे होतात. त्याच्या जोडीला B पट्टीत सातव्या फ्रेटवर बार धरा (एका बोटाने सगळ्या तारा दाबा), तिसऱ्या तारेवर आठवा फ्रेट दाबलेला ठेवा आणि दुसऱ्या तारेवर सातव्यावरून नवव्यावर करंगळीने हॅमर करा (पुन्हा न छेडता बोट आपटून स्वर काढा). हे कोणत्याही एका गाण्याचं नोटेशन नव्हे, पण दक्षिणेकडच्या सोल गिटारची मूळ बोली अशीच आहे. हॅमर ठेक्यावर पडला पाहिजे, आधीचा छेड किंचित अलीकडे. नवखे नेमकं उलट करतात आणि तुकडा अडखळतो.

दोन, आवाज फुलवणं. नॅशव्हिलच्या काळातली गाणी, उदाहरणार्थ वेलन जेनिंग्सचं 'लुकेनबाख, टेक्सस' (1977) किंवा मर्ल हॅगार्डचं 'दॅट्स द वे लव्ह गोज' (1983), ऐकताना त्याचे लांब, मऊ स्वर लक्षात ठेवा. तसा परिणाम हवा तर व्हॉल्यूम पेडल बंद ठेवून तार छेडा आणि मग उघडा. छेडण्याचं टोक निघून जातं. फसतं ते वेळेत. स्वर उशिरा फुलतो, म्हणून तार ठेक्याच्या आधी छेडावी लागते. मेट्रोनोम 70 वर लावा आणि फुललेला स्वर पहिल्या मात्रेवर पोचेल इतकं आधी छेडायचा सराव करा. जोडणीचा क्रम: गिटार, कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार कमी करणारं), व्हॉल्यूम पेडल, डिले (प्रतिध्वनी देणारं), अँप. डिले पेडलच्या आधी लावलात तर पेडल बंद करताच त्याची शेपटीही कापली जाते. गिटारमधून थेट पेडलमध्ये जात असाल तर 250 किलोओहमचं घ्या. 25 किलोओहमचं बफर किंवा कॉम्प्रेसरनंतरच, नाहीतर वरचा उजेड सगळा जातो.

अँपवर डिस्टॉर्शन जवळपास शून्य. जोरात छेडल्यावर जरासा कडकपणा यावा, एवढंच. गेन वाढवला की दोन तारांच्या जोड्या एकमेकींत गढूळ होतात.

सरावासाठी बॅकिंग ट्रॅक नको, गायन असलेलं गाणं घ्या आणि स्वतःवर नियम घाला: गायक गात असताना एकही नवा स्वर नाही, आणि एका जागेत चारपेक्षा जास्त नाहीत. रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे तुमच्यामुळे शब्द ऐकू आला नाही तिथे खूण करा आणि तो तुकडा काढून टाका.

एवढं झाल्यावर त्याचा 2017 चा स्वतःच्या नावाचा अल्बम 'फॉरेव्हर यंग' लावा. आधी नको. मध्ये गायक नसताना हाच माणूस किती सावकाश बोलतो हे तेव्हाच नीट कळेल.