मुलाखतीतला ख

खानापूरहून एका शिक्षिकेने विचारलं आहे: मुलांनी भित्तिपत्रिकेसाठी इंदिरा संतांशी कल्पनेतल्या गप्पा लिहिल्या आहेत. मथळा 'इंदिरा संतांची मुलाखत' द्यावा की 'इंदिरा संतांशी संवाद साधताना'?

दुसरा आधी खोडा. डाव साधतात, संधी साधतात, मुहूर्त साधतात. हल्ली पुढारी तासभर एकटाच बोलतो आणि बातमीत त्याने म्हणे जनतेशी 'संवाद साधला'. कान किटले.

मुलाखतीचा प्रश्नोत्तरांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडू. खरी गंमत त्या ख मध्ये आहे. मूळ अरबी शब्द मुलाक़ात, म्हणजे गाठभेट. हिंदीत तो अजून तेवढाच आहे. मराठीत हा जुना अर्थ तुरुंगाच्या दारापाशी उरलाय, कैद्याचे घरचे 'मुलाखतीला' जातात तिथे. त्यातला क घशाच्या तळातून निघतो. आपल्याकडे तसा वर्ण नाही, म्हणून कानांनी ख पकडला. बुरखा, वखत, इलाखा या तिन्हींत मुळात तोच क आहे. इलाखा तर आपल्या जिव्हाळ्याचा! अरबीत त्याचा मूळ अर्थ संबंध, लागेबांधे. त्यावरून हुकमतीखालचा मुलूख. बेळगाव ज्या मुंबई इलाख्यात होतं, तो हाच.

मग ताकद, लायक, बाकी यांत क कसा टिकला? माझा तर्क असा की लेखणीतून आले ते टिकले, तोंडातून आले ते बदलले. इलाखा कचेरीतलाच शब्द ना, असं म्हणून कुणी मला अडवेल. अडवू दे.

या ख ला अडाण्यांचा अपभ्रंश ठरवून 'भेटवार्ता' लिहा म्हणणारे पंडित आहेत. एवढी शुद्धी करून त्यांच्या हाती काय लागलं, तर पुन्हा भेटच! त्यापेक्षा आपले कन्नड शेजारी बरे. ते मुलाखतीला 'संदर्शन' म्हणतात. त्यांनी पाहणं धरलं, आपण भेटणं.

हां, मथळा. 'इंदिरा संतांची काल्पनिक मुलाखत' लिहा. 'काल्पनिक' गाळू नका, बाई 2000 साली गेल्या. त्यांचं बालपण निपाणीजवळच्या तवंदीतलं, नोकरी बेळगावातली. तेव्हा मुलांच्या प्रश्नांत माझा एक घाला की: तवंदीत लहानपणी कानावर काय पडायचं, वेळ की वखत?