इशारा आला होता, मग गाव रिकामे का झाले नाही?

प्रश्न : पूर, भूकंप, ज्वालामुखी ही निसर्गाची करणी. त्यासाठी सत्तेवरच्या माणसाला जबाबदार धरणे न्यायाचे आहे का?

ज्वालामुखीसाठी नाही. मधे हातात असलेल्या वेळासाठी मात्र नक्की. कोलंबियातला नेवाडो देल रुईझ हा ज्वालामुखी १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नऊच्या सुमारास फुटला आणि चिखलाचा लोंढा अर्मेरो गावात शिरला तो साडेअकराच्या आसपास. दोन तासांहून जास्त वेळ होता, उंचवटा चालत गाठता येईल इतका जवळ होता. धोक्याचा नकाशाही महिनाभर आधी तयार होता. दुपारी राख पडू लागली तेव्हा लोकांना सांगितले गेले, घाबरू नका. त्या दुर्घटनेत सुमारे २३ हजार माणसे गेली. गाव हलवले आणि काहीच घडले नाही तर आपल्यावर येईल, या धास्तीने वरचे लोक आधीपासून कचरत होते. त्या दोन तासांचा हिशेब निसर्गाकडे मागता येत नाही.

प्रश्न : तयारीवर पैसा ओतला आणि संकट आलेच नाही, तर उधळपट्टी म्हणून तोच नेता झोडपला जातो. मग त्याने का करावे?

तुमची शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या मतदानावर अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ साली अभ्यास मांडला. मतदार मदतवाटपाचे श्रेय देतात, पूर्वतयारीचे देत नाहीत, असे त्यात दिसले. म्हणजे यात आपलाही वाटा आहे.

तरी जपानमधल्या फुदाई गावाचे सरपंच कोतोकु वामुरा पाहा. १९३३ च्या त्सुनामीत चिखलातून उपसलेली प्रेते त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पुढे साडेपंधरा मीटर उंचीचा पूरदरवाजा बांधायचा त्यांनी हट्ट धरला. एवढ्या उंचीची गरज काय, म्हणून टीका झाली. १९८४ मध्ये काम पूर्ण झाले, १९९७ मध्ये वामुरा वारले. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामी आली तेव्हा दरवाजाची काही दारे अडकली, ती अग्निशमन दलाच्या जवानांनी जाऊन हाताने बंद केली. लाट दरवाजाच्या वरून आली, पण तिचा जोर तिथेच मोडला आणि वस्ती जवळजवळ शाबूत राहिली. आपली बाजू खरी ठरलेली पाहायला वामुरा नव्हते. पुढारी म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

प्रश्न : आमच्या प्रशासनाकडे आपत्ती आराखडा आहे. तेवढे पुरे ना?

नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरासाठी जुलै २००४ मध्ये ‘पॅम’ नावाच्या काल्पनिक चक्रीवादळाची रंगीत तालीम झाली होती. शहर पाण्याखाली जाईल, गाडी नसलेले हजारो लोक अडकतील, हे सगळे तिथे निघाले. त्यांना बाहेर काढायचे कसे, याचे उत्तर मात्र अर्धवटच राहिले. वर्षभराने कॅटरिना हे खरे चक्रीवादळ आले आणि शहराच्या शेकडो शाळाबस उभ्या जागी पाण्यात बुडाल्या. बस होत्या, माणसेही होती. गाठ घालून द्यायची कोणी, एवढेच ठरले नव्हते.

प्रश्न : दुर्घटनेनंतर राजीनामा दिला की जबाबदारी संपली का?

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी अतिवृष्टीचा हवामान खात्याचा लाल इशारा सकाळीच आला. मोबाइलवर धोक्याचा संदेश गेला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, तोवर कित्येक जण पाण्यात सापडले होते. सव्वादोनशेहून अधिक बळी गेले. तिथल्या प्रादेशिक सरकारचे प्रमुख कार्लोस माथोन यांनी राजीनामा जाहीर केला, तोही वर्षभराने. एवढ्याने पुढच्या वेळी संदेश लवकर जाईल का? संदेश सोडायचा अधिकार कोणाचा, तो जागेवर नसेल तर कोणाचा, किती पाऊस झाला की वाट न पाहता सोडायचा, हे लेखी नसेल तर नवा माणूसही तिथेच अडखळेल.

म्हणून माझे सांगणे असे, की आभाळ निरभ्र असताना विचारा. नावे आणि फोन क्रमांक मागा. मागच्या तालमीत काय फसले आणि ते कोणी, कोणत्या तारखेला दुरुस्त केले, हे लेखी मागा.