डोळ्याला डोराच म्हण

प्रिय बाबू,

मंडईच्या जत्रेत, नाटकाच्या रात्री तुला उत्तर न देता उठून गेलो, ते तेव्हापासून मनात टोचतं आहे. विंगेत बसून तू खोबरेल तेलाने डोळ्यांखालची चमकी पुसत होतास आणि विचारलंस, "काका, नागपूरच्या ऑडिशनला हे सगळं काढून जाऊ का? हिंदी गाऊ का?" तेवढ्यात तिसऱ्या अंकाची घंटा झाली. मला ऑर्गनवर बसायचं होतं.

गिटारवर तुझा हात चांगला आहे. ते तुलाही माहीत आहे, म्हणून त्यावर शाई घालवत नाही. दुसऱ्या अंकानंतर तू पडद्यापुढे आलास, गळ्यात ओढणी, गालावर चमकी, आणि पहिला रिफ, गिटारची ती पुन्हा पुन्हा येणारी तान, वाजवलास, तेव्हा मी ऑर्गनवरचे हात काढून घेतले. १९७१-७२ सालचा तो इंग्लंडातला ग्लॅम रॉक! जाड गिटार, टाळ्यांचा ठोका, पायाने जमीन हाणावी तसा ड्रम. ऑर्केस्ट्रातल्या आमच्या ड्रमरकडच्या कॅसेटी ऐकल्या, त्यानंतर तो आवाज मी समोरासमोर ऐकला तो लाखांदूरकडच्या एका बांधीत, धान कापल्यानंतर. अंगावर काटा आला.

मग तू गायला लागलास. इंग्रजी, तेही नाकातून, कुणाचं तरी उसनं. तणसावर बसलेली माणसं शेंगा फोडायला लागली. तेवढ्यात तुझी तार उतरली. ती चढवता चढवता तू माइकवर म्हणालास, "थांबा गा, तार उतरली. डोरे मिटा थोडे." अख्खा पेंडॉल हसला. मागची पोरं उठून पुढे आली. त्या एका वाक्यात जो ठेका होता, तो तुझ्या साऱ्या गाण्यात नव्हता. तुला ते कळलंसुद्धा नाही. तार लागली आणि तू पुन्हा नाकात शिरलास.

म्हणून सांगतो, झाकू नको.

चमकी ठेव. मार्च १९७१ मध्ये ग्लॅम रॉकचा गायक मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून टीव्हीवर आला आणि तिथली पोरं चकित झाली. आपल्याकडे खडी गमतीत, आपल्या त्या लोकनाट्यात, नाच्या लुगडं नेसून, काजळ घालून पिढ्यानपिढ्या उभा राहतो. तुझ्या आज्याला चमकीचं काय नवल? लोक हसले ते चमकीला हसले असं तुझ्या मॅनेजरला वाटतं. मी समोर बसलो होतो, मला विचार. ते "डोरे" शब्दावर हसले, आणि ते हसणं आपल्या पोराला ओळखल्याचं होतं.

स्लेड नावाचा बँड होता. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजूचे, कोळसा-लोखंडाच्या कारखान्यांच्या भागातले. त्यांचा गायक नॉडी होल्डर आरसे लावलेली टोपी घालायचा. दिवा पडला की उजेड उलटून लोकांवर जायचा. आणि गाण्यांची नावं ते त्यांच्या तोंडात जशी येत तशीच छापायचे, शुद्धलेखन गेलं उडत. अशाने त्यांची सहा गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेली. आपल्या झाडीबोलीत, या पूर्व विदर्भाच्या बोलीत, ण नाही, ळ नाही. डोळ्याला आपण डोरा म्हणतो. मग गाण्यातही डोराच म्हण.

जुन्या लोकांचं वाजवतो म्हणून तुला चोरट्यासारखं वाटतं, हेही तू बोललास. अरे, ग्लॅमवालेही त्यांच्या आधीच्या रॉक अँड रोलवरच पोसलेले. बोलनने आपल्या सर्वात गाजलेल्या गाण्याच्या शेवटी चक बेरीच्या १९५९ च्या गाण्यातली ओळ उघड म्हणून टाकली. कुठून घेतलं ते सांगून टाकलं, झाकलं नाही. तुझा रिफ बोलनचा असेल तर असू दे. गळा मात्र तुझ्या गावचा पाहिजे.

आणि ग्लॅमचाच दुसरा मोठा गायक डेव्हिड बोवी, त्याच्या शेजारी गिटार घेऊन उभा असायचा तो मिक रॉन्सन, तो हल शहराच्या नगरपालिकेत माळीकाम करायचा. मैदानावर पांढऱ्या रेघा मारत असताना त्याला बोलावणं आलं. त्याचे सोलो, एकट्या गिटारचे तुकडे, ऐक. गुणगुणता येतात. तुझा परवाचा सोलो कुणाला गुणगुणता येईल का? अर्धा काप.

आता माझं ऐक. नागपूरच्या ऑर्केस्ट्रात मी अकरा वर्षं गिटार वाजवली. पहिल्याच महिन्यात एका मराठी गाण्यात कोरस देताना माझ्या तोंडून "डोरा" निघालं. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, या झाडीवाल्याने माइकजवळ यायचं नाही. मी मान डोलावली. अकरा वर्षं मागच्या रांगेत उभा राहिलो, तोंड न उघडता. माझी आई धान रोवण्याची गाणी म्हणायची. चिखलात वाकून, बाया एका रांगेत, पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुडीबरोबर ठेका. त्या ठेक्यावर मी गिटारची एक चाल बांधली होती. ती कुणालाच ऐकवली नाही. आईलासुद्धा नाही. सुट्टीवर घरी आलो की गिटार नागपूरलाच ठेवून यायचो, गावात कुणी म्हणेल वाजव, म्हणून. आई गेली तेव्हा मी कार्यक्रमात होतो.

पोटाचं बघावं लागतं हे मला सांगू नको. बहिणीचं लग्न होतं, शेत गहाण होतं, मालक पैसे वेळेवर देत होते. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. हे मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगतो आहे आणि ते खरंही आहे. पण ती चाल मला आता नीट आठवत नाही, हेही खरं आहे. तुझ्यावर शेताचं कर्ज नाही, घरात लग्न नाही, आणि तरी तू तेल घेऊन बसलास! राग येतो, बाबू.

ऑडिशनला जा. चमकी लावून जा. हिंदी हवं म्हणतील तर दुसरं गाणं हिंदी म्हण. पहिलं आपल्या बोलीत. तिथे कुणी हसलं तर तार चढवताना बोललास तसं बोल. नाही घेतलं तर परत ये, होळीपर्यंत आपले प्रयोग आहेत आणि दुसऱ्या अंकानंतरची जागा तुझीच आहे. मॅनेजरशी मी बोलतो.

एक काम कर. तुझ्या आजीला रोवण्याची गाणी येतात म्हणाला होतास. माझ्या आईच्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी मला आठवतात, तिसरी गेली. वडशाला भेटशील तेव्हा त्या दोन म्हणून दाखवतो. आजीला तिसरी येते का विचार, आणि तिच्याच उच्चारात लिहून आण.

तुझा,
ऑर्गनवाले काका